जाऊबाईंचा पाच वाजताचा चहा

करणी, नजर, अंगारा… असलं काही आमच्या घरात कधी नव्हतं. आम्ही बौद्ध. सासरे होते तोवर दारात लिंबू-मिरचीसुद्धा बांधू देत नसत. मीही कधी मानलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे. जसं झालं तसं.

आम्ही नाशकात सातपूरला राहतो. खाली आम्ही आणि सासूबाई, वरच्या खोलीत माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर वारल्यापासून त्या एकट्याच. इंदिरानगरला दोन घरचा स्वयंपाक करतात, यायला सात वाजतात. सुट्टी फक्त रविवारी. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे मटण असतं आणि पाच वाजता जाऊबाई वरून सगळ्यांना चहा आणतात, भरपूर आलं घालून.

दिवाळीत मी सिन्नरकडे माहेरी आठ दिवस राहून आले. त्यानंतर महिनाभराने एका रविवारी चहा झाला आणि थोड्या वेळात अंगभर गांधी उठल्या. पित्त असेल म्हणून आमसुलाचं पाणी चोळलं. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ओठ सुजले, घसा आवळला. ह्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतंस?"

मी म्हणाले, "काही नाही, आत्या. ताईंचा चहा घेतला फक्त."

एवढंच बोलले. जेवणाला चार-पाच तास होऊन गेले होते, ते कोण धरतं?

सासूबाई म्हणाल्या, "चहा तर आम्ही पण प्यालो. त्रास हिलाच. म्हणजे हिच्यावरच केलंय. तिचं घर मोडलं, हिचं भरलेलं बघवत नाही."

हे म्हणाले, "आई, काहीही काय!" पण पुढच्या रविवारी, मी अजून वरण-भातावरच होते, तेव्हा त्यांनीही चहा नको म्हटलं.

जाऊबाई भरलेले कप घेऊन उभ्या राहिल्या. "नको तर नको. मांजराला पाजू का आधी?" असं म्हणून वर गेल्या. मग त्यांनी जेवण वेगळं केलं. इंदिरानगरला खोली बघते आहे, असं माझ्या मुलीला सांगितलं… मला नाही.

पुढच्या रविवारी त्या सकाळीच खोली बघायला गेल्या. वर कुलूप होतं. खाली मटण झालं. चहा कुणी केलाच नाही. आणि सहाच्या सुमाराला माझ्या हातांवर गांधी उठल्या, मग पोटावर, मग मानेवर.

"लांबूनही करतात," सासूबाई म्हणाल्या.

मला तेव्हाच कळलं होतं की जाऊबाईंचा काही संबंध नाही. पण तोंड उघडेना.

सोमवारी मुलीला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दिवसभरात काय काय खाल्लं ते सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "शेळ्या-गुरांत वावर आहे का? गोचीड चावली होती कधी?"

मी दचकलेच. माहेरी भावाच्या शेळ्या आहेत. दिवाळीत मी आणि वहिनी त्यांच्या गोचिडी काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होतो. घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे एक फुगलेली सापडली होती. ती जागा कितीतरी दिवस खाजत होती.

"काही माणसांना गोचीड चावल्यावर मटण सोसेनासं होतं," त्या म्हणाल्या. "बकरा, म्हैस, कुठलंही. चिकन-मासे चालतात. आणि त्रास लगेच होत नाही, तीन ते सहा तासांनी होतो. त्यासाठीची रक्ताची तपासणी आपल्याकडे होत नाही, म्हणून पक्कं सांगत नाही. मटण बंद करा, बघू."

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "आत्या, ताईंचं नाव माझ्या तोंडून निघालं. चूक माझी."

मग वर गेले. जाऊबाई पातेली पोत्यात भरत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी नाही, गोचीड?" आणि हसल्या. मग पदराने डोळे पुसले. खोलीचं मात्र रद्द केलं.

चार महिने झाले, मटण बंद आहे. एकदाही गांध उठली नाही. पण वहिनी त्याच शेळ्यांच्या गोचिडी रोज काढते, तिलाही चावतात, आणि ती मटण मिटक्या मारत खाते. मग मलाच का? डॉक्टरीणबाईंनाही ते सांगता आलं नाही. आणि कधी लिंबू-मिरची न बांधलेल्या घरात एका कपावरून करणी कशी शिरली, ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारचा चहा परत सुरू झाला आहे. जाऊबाई माझा कप आणतात, माझ्यासमोर त्यातला एक घोट आधी स्वतः घेतात, मग माझ्या हातात देतात. असं करू नका, ताई, हे सांगायचं मी दर रविवारी ठरवते.