दारापाशी खाकरणारे मामा

दिंद्रुडच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारे एक मामा आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते फोनवर एकच गेम खेळतात. त्यात एक लहान मुलगी कंदील घेऊन अंधाऱ्या घरातून वाट शोधत असते. प्रत्येक काळ्या दारापाशी मामा बोट थांबवतात, चक्क खाकरतात आणि मगच तिला आत नेतात.

मला वाटायचं, मामा भितात. एकदा विचारलंच, "कावून खाकरता हो?"

स्क्रू-ड्रायव्हर कानामागं अडकवत ते म्हणाले, "लहानपणी आमी ऊसतोडीला जायचो, सर. आईबाप पहाटंच फडात. पाचटाच्या कोपीत, म्हंजी झोपडीत, मी एकलाच, लई भ्यायचो. बाप आला की आधी बाहेरूनच खाकरायचा. मग कळायचं, आपलंच माणूस हाय."

"पण या पोरीला काय ऐकू येतंय, मामा?"

"न्हाई येत म्हणून कुणी सांगितलं?" म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

तिसऱ्या दाराशी आत काहीतरी हललं आणि माझं बोट जागीच थबकलं.

मागून मामा खाकरले.

मी पोरीला आत नेलं.