मागच्या खुर्चीवरचं वजन

साहेबांची चिठ्ठी नाकारून मी त्यांच्या व्हरांड्यातून चालता झालो, ही गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. मीच सांगितलीय, पन्नासदा. त्याच्या आधीची पाच मिनिटं मात्र आजवर कुणालाच सांगितली नाहीत. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

त्या पाच मिनिटांत माझी आय खुर्चीवर बसली होती आणि तिच्याखाली गोणपाट अंथरलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. आय दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. मग सोलापुरात साहेबांच्या बंगल्यावर धुणीभांडी धरली. साहेब हवाई दलातून निवृत्त. मी सरकारी शिष्यवृत्तीवर वैमानिकाचा परवाना मिळवून घरी बसलेलो. परवाना पेटीत, पोटाला काही नाही. तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं. शेठ लोकांना छोटी विमानं भाड्यानं देणारी कंपनी. तिथला वरचा माणूस साहेबांचा जुना सोबती. साहेबांची चिठ्ठी असेल तर काम होणार, नाहीतर पत्र असून नसल्यासारखं.

मी साहेबांकडे जायला लागलो. जाण्याआधी आयला म्हणालो, "तितं मला वळख दाखवू नगं." ही अक्कल तिची नव्हती. माझी होती.

ती म्हणाली, "बरं."

पंधरा दिवस साहेबांनी तयारी करून घेतली. हवामान, इंजिन, नकाशे. माझा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा. पिऊन झाला की मी तो विसळून परत खिडकीत ठेवायचो. आत आय त्यांची भांडी घासत असायची. मी तिकडं बघत नव्हतो.

साहेब रोज एकच बजावायचे. "भाड्याच्या विमानात मालकच प्रवासी असतो. तो म्हणेल, चल. वजन जास्त असेल तर तू नाही म्हणायचं. मुलाखतीत हेच विचारतील. तुमच्या लोकांच्या तोंडून नाही निघत नाही लवकर."

शेवटच्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. दोन-दोनच्या तीन रांगा. हे विमान. पुढं मी, शेजारी साहेब, ते शेठ झालेले. मधल्या रांगेत बाईसाहेब आणि शेजारचे वकील. मागची रांग मोकळी.

"ए बाई, हात पूस आणि मागं येऊन बस," साहेब म्हणाले.

आय आली. बाईसाहेब लगबगीनं उठल्या, गोणपाट आणलं, खुर्चीवर टाकलं. "हं, आता बस." आय बसली. त्या घरात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होती.

"चाळीस किलो जास्त झालेत," साहेब म्हणाले. "ऊन कडक, धावपट्टी तोकडी. शेठ म्हणतोय, निघा. काय करशील?"

"कुणाला तरी उतरवावं लागेल, सर."

"कुणाला? मला?"

वकील म्हणाले, "मला उतरवलंस तर केस टाकीन हं!"

"मी तर बाई हलायची नाही," बाईसाहेब म्हणाल्या. सगळे हसले.

मीही हसलो. मग मागं न बघता म्हणालो, "मागच्या सीटवरचं वजन उतरवतो, सर."

वजन म्हणालो. बाई म्हणायचीही हिंमत नव्हती.

आय उठली. गोणपाटाची घडी केली, काखेत घेतली आणि मागच्या दारानं मोरीकडं गेली. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज सुरू झाला.

"शाबास," साहेब म्हणाले. "असा पायलट पाहिजे."

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, पण हा तिचाच मुलगा ना?"

"माहितीये की. पहिल्या दिवसापासून. तेच बघायचं होतं मला. आता बिनधास्त लिहून देतो, हा कुठंही अडायचा नाही."

खिशातून त्यांनी चिठ्ठी काढली. सही केली. पुढं धरली.

  ते मला शिकवत नव्हते. किती वाकतोय ते मोजत होते. आणि मी मोजून दिलं होतं.

"मला नको ही चिठ्ठी," मी म्हणालो.

"का रे? झोंबलं?"

मी उठून निघालो. वस्तीला माहीत असलेली गोष्ट एवढीच. तिच्यात मी ताठ चालतोय. ती माझी आई आहे, हे मात्र मी तेव्हाही म्हणालो नाही.

संध्याकाळी आय घरी आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चिठ्ठी कुटं हाय?"

"घेतली न्हाय."

 "आरं, मग मी उटले कशापायी?"

 

दुसऱ्या दिवशी ती त्याच बंगल्यावर कामाला गेली. मी अडवलं नाही. अडवून खायला काय घालणार होतो?

मुंबईला गेलो. ते काम झालं नाही. आई काय करते, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खात्री नाही. पुढं पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानावर नोकरी लागली. एकट्याचं विमान, प्रवासी नाहीत. बरं वाटलं.

आय गेली. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मी तर नाहीच.

दर जयंतीला वस्तीतली पोरं मला उभं करतात. काका, चिठ्ठीचं सांगा. मी सांगतो, टाळ्या घेतो. यंदा नाही. यंदा आधी बहिणीला घरी जाऊन सांगणार, मग त्या पोरांना. कुणी उठून गेलं तरी पुरं सांगणार. माफी मागणार नाही. ती देणारी राहिली नाही.

साहेबांनी माझा अपमान केला, तो मी परत केला. माझ्या आयचा अपमान मी केला. सुंदराबाई तिचं नाव. तिला मी उतरवलं, हे तिच्या नावानिशी चारचौघांत सांगायचं देणं मी अजून तिचं लागतो.