पाठवणीला हसलेली नवरी

ओठांत भिजत ठेवलेली क्लॅरिनेटची पत्ती, अंगात बँडचा लाल कोट, पायांत मात्र घरचीच स्लिपर... माझे वडील, आप्पा, आठवतात ते असे, बेळगावात खासबागच्या आमच्या खोलीत, ट्रंकेवरच्या रेकॉर्ड प्लेअरपुढं मान वाकवून बसलेले. लग्नसराईच्या सकाळी खोलीभर पितळेच्या पॉलिशचा वास दरवळायचा, आणि त्या वासात ती एकच तबकडी फिरत असायची – लोंढ्याच्या एका गोवेकर रेल्वे गार्डानं गावी परतताना प्लेअरसकट आप्पांना दिलेली. याला हार्ड बॉप जॅझ म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. आईच्या लेखी ते कोंबड्या कापल्यागत होतं.

आणि खोटं कशाला बोलू, होतंही तसंच! ड्रमवाला धाप लागेस्तोवर पळायचा, पियानो मुद्दाम मागं रेंगाळायचा, आणि सॅक्सोफोन गाता गाताच किंचाळायचा, खोकायचा, खो खो हसायचा. आता सगळं कोसळणार असं वाटेपर्यंत न्यायचा आणि अलगद मूळ चालीवर आणून सोडायचा. "हितं चुकलाय वाटतंय न्हवं?" आप्पा सुई उचलून मला विचारायचे. "चुकला न्हाय गं त्यो. वाट सोडलीया, पर घर इसरला न्हाय."

उचगावच्या एका लग्नाला मी आप्पांबरोबर बँडच्या गाडीतून गेले होते. आमच्याकडं पाठवणीला क्लॅरिनेटनं रडायचं असतं – ठरलेली चाल, ठरलेल्या जागी हुंदका. बायका त्यावरच डोळ्यांना पदर लावतात. आप्पांनी चाल धरली, आणि दुसऱ्या फेरीला वाट सोडली... सूर चढला, फाटला, तबकडीतल्यासारखा खिदळला. अन् रडून डोळे सुजलेली नवरी पदराआड फस्सकन हसली! आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा जो आनंद होता, तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"पाठवणीला हसली पोरगी! लाज हाय का न्हाय?" नवऱ्याची आत्या कडाडली. चाल घरी परतायच्या आतच बँडमालकानं आप्पांच्या तोंडातून क्लॅरिनेट हिसकावली. ओठ फुटला, कोटावर रक्त आलं. "रडवायला आणलंय रं तुला, हसवायला न्हाय!" त्या दिवसापासून आप्पांच्या हातात झांजा आल्या. अख्खी हयात, नुसत्या झांजा! प्लेअरवर आईनं पिठाचा डबा ठेवला, आणि आप्पांनी तो कधी हलवला नाही.

परवा बेळगावातल्या एका कॉफीच्या दुकानात नेमकं तेच संगीत लागलं होतं. पोरं डोळे मिटून माना डोलवत होती – काय बेधडक वाजवलंय म्हणे! बेधडक माणूस सातासमुद्रापलीकडचा असला की त्याचं कौतुक. आपल्या मांडवातला असला की त्याचा ओठ फोडायचा, असा आपला न्याय.

घरी येऊन तेच मोबाइलवर लावलं, आप्पांच्या उशाशी ठेवलं. थकलेत आता, वरच्या ओठावर तो व्रण आहे. सॅक्सोफोन किंचाळला तशी त्यांची बोटं चादरीवर उठायला-बसायला लागली, क्लॅरिनेटच्या भोकांवर हलायची तशीच... मला बघवेना. मी बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "त्याला तरी पुरं वाजवू दे."