तीन तुकड्यांची गादी

आर्णीच्या बाजाररस्त्यावर आमच्या भिंतीला लागून रहेमान पिंजाऱ्याचं घर होतं. पुढे दुकान, मधे गोणपाटाचा पडदा आणि मागे संसार. सकाळी त्याच्या पिंजणाची तात वाजू लागली की मी तवा चुलीवर ठेवायची. रहेमानभाईसारखी मऊ गादी आजूबाजूच्या खेड्यांत कोणी भरत नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचा. बढाईखोर माणसं मला मुळीच आवडत नाहीत. हा मात्र चालायचा, कारण बढाई मारताना त्याचा हात थांबत नसे.

त्याची आई रहमतबी. तिचा नवरा करीम तरणाताठा गेला, तेव्हा रहेमान रांगत होता. बाईनं पडद्याआड पिंजण टांगलं आणि स्वतः रुई पिंजायला लागली. पिंजण म्हणजे माणसाएवढी लाकडी कमान. तिची तात दिवसभर छेडून रुई फुलवायची, तर भल्याभल्यांचे खांदे भरून येतात. रहमतबीनं त्यावर घर चालवलं, लेक वाढवला, आणि त्याला पिंजायला शिकवलं तेही तिनंच. बाजारात मात्र लोक म्हणायचे, "करीमच्या घरची गादी हाय, चांगलीच असन." मेलेल्या माणसाच्या नावावर तिचं काम वर्षानुवर्षं खपलं.

सून कमरुन्निसा. गादीला टाके घालायचं काम तिचं. तिचा टाका इतका सरळ, की दोरी लावून मारल्यासारखा दिसे. रहेमानभाई तिला "वाहिदची माय" म्हणायचा. वाहिद व्हायच्या आधी नुसतं "सुनती का" एवढ्यावरच भागायचं. चारचौघांत बायकोचं नाव घेणं म्हणजे त्याला डोक्यावरची टोपी उडाल्यासारखं वाटे. त्याला एकट्याला कशाला नावं ठेवू? छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण माझं नाव काही ह्यांच्या तोंडात आलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात रहमतबीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, उजवा हात-पाय लुळा पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जीव वाचला आहे. पण सारखं एका अंगावर पडू देऊ नका. वरचेवर कूस बदला. पाठ सोलली आणि जखमा चिघळल्या, तर म्हातारी हातची जाईल."

रहेमानभाईनं त्यातलं एवढंच डोक्यात घेतलं की पाठ सोलायला नको. मग काय, पिंजारीच तो. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्यानं उत्तमातली उत्तम रुई घेतली, दोनदा पिंजली आणि आईसाठी अशी गादी भरली की नव्या नवरीच्या रुखवतातही तशी नसेल. गुडघाभर जाड आणि सायीसारखी मऊ. येईल त्याला पडद्याआड नेऊन तो ती दाखवायचा. "हात लावून पाहा, हात लावून," म्हणायचा.

रहमतबी त्या गादीत बुडाली. धडधाकट डाव्या अंगानं एरवी ती थोडीफार तरी सरकली असती, पण या गादीत जोर लावायलाच काही हाती येईना. कमरुन्निसा आणि मी दोघी मिळून तिला वळवायचो, की ती हळूहळू पुन्हा त्याच खळग्यात घसरायची. पाठीखालची रुई घामानं ओली व्हायची आणि वाळायची नाही. आठवड्याभरात पाठ लाल झाली, मग कातडी निघाली. आईची पाठ लेकानं कशी पाहायची? त्यामुळे तिथं काय चाललंय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. कमरुन्निसानं नवऱ्याला दोनदा सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "माह्या गादीनं कोनाची पाठ सोलत नसते."

शेवटी एका दुपारी तो बाहेर गेला असताना आम्ही रहमतबीला खाली वाकळीवर निजवलं, आणि कमरुन्निसानं दाभण घेऊन गादी उसवायला घेतली. एक कड उसवून झाली न झाली, तोच रहेमानभाई दारात उभा.

"काय करून राह्यली?" तो म्हणाला. "मी माह्या मायसाठी भरली ते गादी. अन् तू तिले दाभन लावते?"

कमरुन्निसा खाली मान घालून उभी राहिली, पण हातातलं दाभण तिनं सोडलं नाही. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात वाकळीवरून रहमतबीचा आवाज आला. एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "निज... तिच्यावर."

"मी?"

"निज. उजवा हात, उजवा पाय... मेला समज. अन् बदल कूस."

आईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तो गादीवर आडवा झाला आणि आधी हसला. मग डावा पाय रोवायला गेला, तर पाय आतच गेला. डाव्या हातानं कड धरायला गेला, तर कड दबली. दोन-चार झटके देऊन तो गाळात रुतलेल्या म्हशीसारखा तिथंच राहिला. कमरुन्निसा पदराआड हसली. मी पदराबिदराच्या भानगडीत पडले नाही.

तो उठला तेव्हा मात्र आमचं हसू थांबलं, कारण त्याचे डोळे भरले होते. "अम्मा, तू इतके दिवस काहून नाही बोलली?"

"तू... किती खुशीनं भरली होती," रहमतबी म्हणाली.

काय म्हणावं या आयांना! लेकानं काटे अंथरले तरी म्हणतील, ऊब छान आहे.

रहेमानभाईनं खुंटीवरचं पिंजण काढलं आणि बायकोकडे वळून विचारलं, "सांग, कशी भरू?" गादीच्या कामात त्यानं कुणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कमरुन्निसानं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. "पातय भरा, जाड नको, पन घट्ट. तीन तुकडे करा, एकाले एक बांधून टाकू. मधला सुटा ठेवा. ओला झाला त दुसरा घालता येईन, हा उन्हात टाकता येईन."

रुई फुलवण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं त्या दिवशी ती ठोकून ठोकून बसवली. कमरुन्निसानं दाट टाके घालून तिला जागच्या जागी धरलं. मधले तुकडे दोन केले, अदलाबदलीला. रहमतबीच्या अंगाखाली जाड चादर असायची. तिची दोन टोकं नवरा-बायको धरायची आणि म्हातारीला अलगद वळवायची. आता रात्रीच्या पाळीला तोही उठू लागला.

जखमा सुकल्या. नवी कातडी आली. थंडीत कपाशीच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, तेव्हा रहमतबी घट्ट गादीवर डावा हात रोवून स्वतः उठून बसली. होळीच्या सुमाराला खांब धरून उभी राहिली. आणि उन्हाळ्यातल्या एका बाजारच्या दिवशी काठी टेकत, पाय ओढत, पडदा सारून दुकानात येऊन बसली. रस्त्यावरची माणसं थबकून बघायला लागली. हातची गेली म्हणून ज्यांनी तिला सोडून दिलं होतं, त्यांनी जवळ येऊन सलाम केला.

त्याच दिवशी बाबाराव आले. शेजारच्या खेड्यातले शेतकरी, कानानं जरा जड. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते. रहमतबीकडे पाहत ते रहेमानभाईला म्हणाले, "तुह्या मायच्या गादीची लय चर्चा हाय बा. तशीच आमच्या बुढ्यासाठी पाहिजे. कोनाची कारागिरी हाय थे?"

मी आणि कमरुन्निसा पडद्याआड टाके घालत होतो. आमचे हात थांबले.

"घरचंच काम हाय," रहेमानभाई म्हणाला.

रहमतबीनं काठी आपटली. "घराले... हात असतात काय? माह्यं काम तुह्या मेलेल्या बापाच्या नावानं गेलं. हिचं... जाऊ देऊ नको."

रहेमानभाईनं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग तो म्हणाला, "कमरुन्निसानं केली."

"कोनं?" बाबारावांनी कानाला हात लावला.

"कमरुन्निसानं," तो मोठ्यांदा म्हणाला. "माह्या बायकोनं. तिनंच वाचवली अम्माले. अन् मले पिंजन शिकवलं ते करीमनं नाही, रहमतबीनं. या माह्या मायनं."

समोरचा बांगडीवालाही आमच्याकडे बघायला लागला. पडद्याआड कमरुन्निसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिला म्हटलं, "भाभी, ऐकलं ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "पन बाबारावले पुन्हा विचाराले लावा. त्याले अजून नीट ऐकू नसन आलं."