फ्लेक्सवरचा तिसरा हात

गावच्या कमानीवर माझा फ्लेक्स लावला होता. एवढा मोठा, की कराडच्या पुलावरून दिसावा. त्यातल्या माझ्या एका नाकपुडीत शेळी मावली असती. खाली लिहिलेलं, ‘शिखर सर करणारे लेखक’.

जन्मभर मी थापा मारल्या. बर्फात चहा गोठला म्हणून तो चावून खाल्ला, असं पुस्तकात लिहिलं आणि लोकांनी ते खरं मानलं. पण मी शिखरावर पोचलो नाही, हेही त्याच पुस्तकात लिहिलंय, चांगली पाच पानं. माथा हाताशी आला आणि मला दिसेनासं झालं. दोरावरचा माझा जोडीदार आमच्याच गावचा फौजी, धडधाकट. एकटा तासाभरात वर गेला असता. त्यानं एकदाच वर बघितलं, माझा दोर स्वतःच्या कमरेला आखडून बांधला आणि दोन दिवस मला खाली उतरवलं. त्यात त्याच्या पायाची तीन बोटं गेली.

फ्लेक्सवरचा फोटो त्या माघारीच्या आदल्या दिवशीचा, आम्हा दोघांचा. जोडीदाराला कापून तिथं पुढारी चिकटवला होता. पुढाऱ्याचे दोन्ही हात जोडलेले, आणि माझ्या खांद्यावर कापायचा राहिलेला तिसरा हात, हातमोज्यातला.

सत्काराच्या संयोजकाला विचारलं, “पुस्तक वाचलंस का रं?”

“आवं काका, येळ कवा मिळतोय? कव्हर लय झ्याक हाय.”

“मग आधी ह्या कापलेल्या जोडीदाराला स्टेजवर बसीव.”

“खुर्च्या भरल्या की आता. फेटं बी संपलं.”

डोकं असं तापलं की बांधलेल्या फेट्यातून वाफ निघाली. सत्काराच्या फळांतली सुरी उचलली आणि साठीतला मी कमानीच्या बांबूंवर चढलो. वरून सगळं खरं सांगितलं. माइक लागला नाही, पार सांगलीपर्यंत ऐकू गेलं असेल. ‘शिखर’ शब्दाला सुरी लावली, तेवढ्यात मागच्या रांगेतून जोडीदार लंगडत आला.

“फाडू नगंस रं. नुसत्या दोऱ्या सोड. गोठा गळतोय माझा.”

“तुला राग येत न्हाई व्हय?”

“आला तरी म्हस भिजतीयाच की.”

दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स आता त्याच्या गोठ्यावर आहे, छापील बाजू आत. तो धार काढतो तेव्हा वरून पुढारी त्याला हात जोडून असतो. स्टेजवर त्याला अजून कुणी बोलावलेलं नाही. तोवर मला फेटा बांधायचा असेल त्यानं त्या कमानीच्या टोकावर यावं. मी तिथंच भेटेन.