चार बोटं कुरळे

ती बाटलीचं झाकण उघडायची, पण बाटली नाकाशी न्यायची नाही. डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर कंडिशनरचा एक थेंब घ्यायची, बोटानं पसरायची, त्यावर हळूच फुंकर मारायची आणि हात तसाच पुढे धरून दुकानातल्या पंख्याखाली उभी राहायची. मी म्हणायचे, "मावशी, वास तर बघा, छान आहे." तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "वास ऱ्हाऊ दे, बाय. वला किती येळ ऱ्हातो ते बगू."

दुसऱ्या कुणी विकायच्या बाटलीचं झाकण उघडलं असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. तिला मात्र कधी बोलले नाही. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. पुढे बांगड्या, टिकल्या, पिना, पावडरी. मागे पडदा लावून एक खुर्ची आणि आरसा, तिथे मी केस कापते, भुवया करते. लग्नाआधी म्हसळ्याला एका पार्लरमध्ये कामाला होते, त्यामुळे केसांतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत आहे. ती होती कोळीण. सकाळच्या रिक्षानं बंदरावरून मासळी घेऊन यायची, बाजारात टोपली मांडायची, आणि मासळी संपली की माझ्याकडे. येण्याआधी नळावर हात धुवायची. लिंबाची फोड नखांत, बोटांच्या बेचक्यांत, पार कोपरापर्यंत घासायची. बाजारातल्या बाकीच्या मासेवाल्या पदराला हात पुसून सरळ टिकल्यांच्या पाकिटाला हात घालतात. हिचं मात्र सोवळ्यात असल्यासारखं चालायचं.

पहिल्यांदा आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला. "कुणाला हवाय?"

"पोरीला."

"केस कसे आहेत तिचे? सरळ करून घेतलेले की मूळचे कुरळे?"

"दोनी."

मला कळलं नाही असं वाटून तिनं आपल्या भांगावर चार बोटं आडवी ठेवली. "हितपत्तोर कुरळे. तितनं खाली सरळ क्येलेले."

मला लगेच कळलं. अशा मुली हल्ली खूप येतात. लग्न ठरायच्या वेळी केस सरळ करून घेतात, मग सहा-आठ महिन्यांत मुळाशी आपले जन्माचे कुरळे उगवायला लागतात आणि डोक्यावर दोन बायकांचे केस असल्यासारखं दिसतं. अशा डोक्याला कंडिशनर निवडणं म्हणजे एका घरात सासू आणि सून दोघींना आवडेल अशी आमटी करणं. सरळ केलेले केस औषधानं पोकळ झालेले असतात, ओल धरत नाहीत. कुरळे मुळातच तहानलेले. एकाला जे जड पडतं ते दुसऱ्याला पुरत नाही. हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं एकेक शब्द लक्ष देऊन ऐकला.

मग सुरू झाली बाटल्यांची परीक्षा. बाटलीवरच्या बायकांवर तिचा भारी राग. "ही कंदी खाऱ्या वाऱ्यात उबी ऱ्हायलीय काय? हिला काय, समदं पंख्याचं वारं." एका गोऱ्या, भुरभुरत्या केसांच्या बाईला तर ती नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मी नंतर ती सरळ करून ठेवायचे. पुढच्या खेपेला ती परत भिंतीकडे. आमचं हे न बोलता चाललेलं भांडण बरेच दिवस टिकलं.

नारळाच्या दुधाचा एक कंडिशनर मी तिला मोठ्या खात्रीनं दिला होता. तो तिनं परत आणला. "मुळाशी चिकाट ऱ्हातो, बाय. शेंड्याला कोरडा तो कोरडाच."

"मुळाशी लावायचाच नाही मावशी! डोक्याच्या कातडीला लागता कामा नये. मुलीला सांगा, मधून खाली लाव म्हणावं."

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "सांगते."

बाटली बदलून दिली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मांदेली किंवा मूठभर कोलंबी माझ्या गल्ल्याशेजारी यायची. वानवळा म्हणायची. नको म्हटलं की रागावायची.

पोरीविषयी ती थोडंच बोलायची, पण बोलायची ते असं, की पोर दारात चपला काढते आहे असं वाटावं. "माजी पोर केसाला कुनाला हात लावू देत न्हाय." "तिला फनी आवडत न्हाय, बोटांनीच सोडवायला लागतात." मी म्हणायचे, एकदा घेऊन या तिला, मी बघते. "येल," एवढंच म्हणायची आणि पिशवी उचलायची.

पावसाळा आला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, ताजी मासळी बंद झाली. ती सुके बोंबील घेऊन येत राहिली. गणपती झाले, दिवाळी झाली. आणि एक दिवस मी सहज विचारलं, "आता कुठवर आले कुरळे?"

तिनं भांगावर चार बोटं आडवी ठेवली.

मी हसले. "अहो, चार बोटं तर तुम्ही मागच्या उन्हाळ्यात सांगितली होती! आता निदान कानाला टेकायला हवेत."

तिनं बोटं खाली घेतली. माझं तोंड मात्र सुरू झालं ते थांबेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. रक्त कमी असेल, तपासून घ्या. खजूर द्या. कांद्याचा रस लावा. केस वाढत नाहीत म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे. ती मान हलवत होती. ती गेल्यावर माझ्या हातात बांगड्यांचा डबा होता आणि तो मी कुठे ठेवायला निघाले होते ते मला आठवेना. केस वाढतोच. आजारी माणसाचाही वाढतो, हळू का होईना. मी इतकी डोकी हाताळली, चार बोटांवर थांबलेलं एकही नाही पाहिलं. भर दुपारी मी पडद्यामागच्या आरशाकडे जायचं टाळलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वेळी ती आली ती बाटली न मागताच. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गल्ल्याला टेकून तिनं हळू आवाजात विचारलं, "बाय, सरळ क्येलेला केस परत वळायला काय औशद हाय?"

गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलत नाही. "नाही मावशी. एकदा औषधानं सरळ केला तो सरळच. नवा येतो तो कुरळा येतो. वाट बघायची आणि खालचे कापून टाकायचे."

"नवा कुटनं येल?" ती म्हणाली.

तिनं पिशवीतून एक ओढणी काढली. फिकी गुलाबी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती उलगडली, आणि आत केस होते. हातभर लांब, मुळाशी काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेला झुबका. दोऱ्यापासून चार बोटं दाट कुरळे, आणि त्याच्याखाली सरळ, सपाट, पाटीवर ओढलेल्या रेघांसारखे.

तिनं तो झुबका माझ्या हातात ठेवला. केस मऊ होते. ओलसर होते. माझ्याच दुकानातल्या कंडिशनरचा वास येत होता. दोऱ्याच्या पलीकडे डोकं असायला हवं होतं, आणि ते नव्हतं. मला भीती वाटली. तरी मी हात मागे घेतला नाही, कारण ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू पोरीलाच मी कडेवर घेतलं आहे.

मग तिनं सांगितलं. पोरीचे केस जन्मापासून कुरळे. रेवदंड्याचं स्थळ आलं होतं. मुलाची आत्या पोरीच्या डोक्याकडे बघून म्हणाली, केसांचं काही करता येत नाही का? पोर म्हणाली, न्हाय करायचं. आईच म्हणाली, करायचं. अलिबागला नेऊन खुर्चीत बसवलं. पोर आरशात बघायला तयार नव्हती. डोळे मिटून रडत होती आणि आई मागे उभी राहून तिचे खांदे धरून होती.

"मीच धरलं व्हतं, बाय. दोनी हातांनी."

स्थळ शेवटी मोडलंच. पुढे पोर आजारी पडली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं केस जातील. तेव्हा पोरीनंच कापून घेतले. आमच्याकडे कुणाचे केस विरळ झाले की गंगावन लावतात, तसं तिचंच तिला लावायचं ठरलं. तोवर मुळाशी चार बोटं आले होते. पोर त्यांच्यावरून हात फिरवून खुश व्हायची, माझे आले बघ म्हणायची. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आये, बरी झाले की हेच गंगावन लाव मला. पन शेंड्यापत्तोर कुरळं करून."

"मी व्हय म्हनले," ती म्हणाली. "तिला व्हय म्हनून बसलेय."

पोर घरी आली नाही. शब्द तेवढा राहिला.

कापलेल्या केसाला डोक्यातून तेल मिळत नाही, त्याला जे काही मिळायचं ते बाहेरून. तो कोरडा पडतो, तुटतो, शेवटी भुसा होतो. तिनं इतके महिने तो होऊ दिला नव्हता. मी बादलीत पाणी घेतलं, फळीवरची सगळ्यात दाट बाटली काढली आणि आम्ही दोघी पडद्यामागे जमिनीवर बसलो. केस भिजवायचे, कंडिशनर लावायचा, फणी अजिबात लावायची नाही. मग एकेक बट बोटाभोवती गुंडाळून चिंधीनं बांधायची आणि सावलीत सुकवायची. ती शिकली पटकन. जाळं विणणाऱ्या घरातली बोटं तिची.

"पण मावशी," मी म्हटलं, "हे सोंग आहे. खरा कुरळा केस भिजला की जास्त वळतो. बनवलेला भिजला की सुटतो. दमट हवेतसुद्धा उतरेल."

"उतरू दे," ती म्हणाली. "परत करीन."

आणि ती करत राहिली. समुद्राकाठची हवा, आठवड्यात सगळं सुटायचं, की परत चिंध्या. चिंध्या बांधलेला तो झुबका तिच्या पडवीत टांगलेला असायचा. बोंबील वाळत घालायच्या वलांडीपासून लांब, वास लागू नये म्हणून. दुकानात आली की विचारायच्या आत सांगायची. "या खेपंला चार दिस टिकला." मी आता "मुलगी कशी आहे" असंच विचारायचे. तिला ते आवडायचं. मला वाईट वाटायचं आणि तरी मी विचारायचे. कधी कधी, ती निघून गेल्यावर, दुकानात कुणीतरी ओले केस घेऊन उभं आहे असं वाटून मी वळून बघायचे. मागे टिकल्यांची पाकिटं असायची.

तुम्ही म्हणाल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला होता. मलाही एकदोघींनी तसं म्हणून दाखवलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. बाजारात मासे विकताना तिच्याइतकी शहाणी बाई नव्हती.

गेल्या माघात ती यायची बंद झाली. मला वाटलं, कुठे जत्रेला गेली असेल. तिच्यासाठी मागवलेली बाटली मी गल्ल्याखाली ठेवून दिली. मग एक दिवस बाजारात तिच्या जागेवर दुसरीच बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. तिची जाऊ. दुपारी दुकानात आली, हात पदराला पुसत.

"ती गेली, बाय. सकाळी पानी भरता भरता खाली बसली, ती उटलीच न्हाय."

मी तिला स्टूल दिलं. ती सांगत होती. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून मळवट भरला, हिरवी साडी नेसवली. अंबाड्यात फुलं माळायची तर तिचे स्वतःचे केस मूठभरच राहिलेले. तेव्हा कुणाला तरी पडवीतलं पोरीचं गंगावन आठवलं.

"चिंध्या सोडल्या. त्येला काय काय लावलेलं, बुळबुळीत. म्हनून आदी पान्यात घालून सोच्छ धुतलं."

"भिजवलंत?" मी विचारलं. "मग सरळ झाले असतील ना?"

"सरळ?" जावेनं माझ्याकडे बघितलं. "अगं बाय, कसले कुरळे केस त्या पोरीचे! शेंड्यापत्तोर. भिजल्यावर तर जास्तच वळले. अंबाड्यात मावंनात, आमी चौगी लागलो बांदायला."

ती टिकल्यांचं एक पाकीट घेऊन गेली.

आता मुली केस सरळ करायचं विचारायला येतात तेव्हा मी त्यांच्या आईशी बोलत नाही, मुलीलाच विचारते. गल्ल्याखालची ती बाटली मी विकली नाही. त्या दिवशी जाऊ गेल्यावर मी तिचं झाकण उघडलं, पालथ्या हातावर एक थेंब पसरला, फुंकर मारली आणि पंख्याखाली उभी राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकान बंद करताना कुलूप लावायला हात पुढे केला, तर तो अजून ओला होता.