शालू कुणाचा

बडोद्यात त्या दिवसांत कुणी काय घालावं याला काही धरबंध उरला नव्हता. कचेरीतले कारकून धोतरावर कोट, कोटावर टाय आणि या सगळ्यावर सोला हॅट चढवून रावपुऱ्यातून सायकलीवर जात. आमचे हेही त्यांतलेच. ऐन मे महिन्यात गळ्याला टाय आवळून घरी यायचे आणि आल्या आल्या ओसरीवर उताणे पडायचे. एवढा त्रास होतो तर घालता कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "साहेब घालतात." साहेब म्हणजे कुणी इंग्रज नव्हे. आमच्याच आळीतले, विलायतेत तीन महिने काढून आलेले एक गृहस्थ.

बायकांची तऱ्हा याहून वरचढ. जॉर्जेटची गोल पातळं, खांद्यावर चमकती पिन, बिनबाह्यांचं पोलकं आणि टाचेचे बूट. जॉर्जेट म्हणजे नुसती कांद्याची साल. ते नेसून चालताना निम्मं लक्ष पदराकडे आणि निम्मं कोण बघतंय इकडे. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. आमच्या खोलीत मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नसे. मुंबईहून कुणी काय आणलं, गळा किती खोल शिवला. यांच्या हाती मुलींचं शिक्षण आहे, या विचारानं मला महाराजांची कीव यायची.

मला शौक होता जुन्याचा. मी शाळेत इरकली लुगडं नेसून जाई, काष्टा घालून, अंगात खणाची चोळी, खोप्यात सासूबाईंची सोन्याची मूद. गरज म्हणून नव्हे, मजा म्हणून. लुगड्याचा काठ पायाशी सळसळला की मला उगाचच चार पावलं जास्त चालावंसं वाटे. बरोबरच्या मास्तरणी मला पेशवीण म्हणत. "पालखी कुठं ठेवलीत?" असं एकीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही अक्कल ठेवलीत तिथंच." त्यानंतर ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. महिना बरा गेला.

हे नेसणं मला शिकवलं आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. सतराव्या वर्षी नवरा गेला, त्याच्यामागून केस गेले, आणि त्या भावाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, तेच डोक्यावरून घट्ट ओढलेलं, कपाळ मोकळं. पण वस्त्राची पारख असलेलं असं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. चौकापलीकडून कुणी गेलं तरी सांगायच्या, "पदराची जर खोटी आहे." जीभही धारदार. आमच्या ह्यांचा टाय बघून म्हणाल्या होत्या, "फास तर लावून घेतलाय, आता खुंटी तेवढी बघा."

रोज सकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहून नेसायची. त्या पाटावर बसून पंख्याच्या दांड्यानं दाखवायच्या. स्वतः हात लावायच्या नाहीत. सवाष्णीच्या अंगावरच्या वस्त्राला आपला हात लागू नये, हे त्यांचं शास्त्र. इतक्या जणांनी इतक्या वर्षांत सांगितलं होतं की आता कुणी सांगायला लागत नव्हतं. "चार बोटं डावीकडे. अगं, तुझं डावं! काष्टा आहे तो, घोड्याचं शेपूट नव्हे." पाठीमागे दोन्ही काठ सरळ बसल्याशिवाय त्या मला उंबरा ओलांडू देत नसत. त्यापायी दोनदा माझी शाळेची घंटा चुकली. वाकडी निरी बघून त्यांना शिंक आल्यासारखं व्हायचं.

मग एक पौष आला आणि आमच्या बायकांच्या क्लबाला जुन्याचा उमाळा आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'जुन्या वेषाची चढाओढ' ठरली. जुनं ते सोनं, असं कार्डावर छापलं होतं. मला हसू आवरेना. याच बायकांनी जुनी जर विकत घेणारा गल्लीतून ओरडत गेला की त्याला हाका मारून बोलावलं होतं, आणि आजेसासूच्या पैठण्या जाळून चांदी काढायला त्याच्या गाठोड्यात टाकल्या होत्या. आता त्यांची पळापळ सुरू झाली. कुणाची नथ माग, कुणाची चोळी माग. एकीनं तर माझ्याकडेच इरकली मागितलं. मी सांगितलं, धुवायला टाकलंय. धुवायला टाकलं नव्हतं.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या गहू निवडत होत्या. "म्हणजे आमचं नेसणं आता सोंग झालं," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला माजघरात बोलावलं. त्यांची पेटी उघडी होती. चटईवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर त्यांनी एक शालू ठेवला होता. डाळिंबी रंगाचा, बनारसी, घड्यांवर जरा विटलेला, पण जर अशी की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटलं.

"चार वेळा नेसले," त्या म्हणाल्या. "लग्नात, पहिल्या मंगळागौरीला, दिराच्या मुंजीत. आणि एकदा उगाच, घरात कुणी नव्हतं तेव्हा."

त्यांनी पंख्याच्या दांड्यानं शालू माझ्याकडे सरकवला.

"नेस. पण एक करायचं. कुणी विचारलं, शालू कुणाचा, तर माझा म्हणून सांगायचं. आत्याबाईंचा असं नव्हे. नाव घेऊन."

आत्याबाईंना नाव असेल हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. मला विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं. "माहेरचं आहे. सासरचं मेलं दोन वर्षंसुद्धा वापरलं नाही कुणी," म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "आणि मी येणार. मागं कुठंतरी बसेन. नुसतं ऐकायचंय."

मी वचन दिलं. द्यायला काय लागतं?

चढाओढीच्या दिवशी दुपारी टांगा बोलावला. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता. निंबाच्या झाडांना फाटके पतंग लोंबत होते. टांगेवाल्यानं मला पाहून लगाम तसाच धरून ठेवला. "वाह बेन! असल जूनो माल. हवे आवुं मळतुं नथी." हल्ली असं मिळत नाही म्हणे.

मी काही म्हणायच्या आत आत्याबाई मागून म्हणाल्या, "मारो छे, भाई. मारा लगननो."

"सरस, माजी. बहु सरस."

घराबाहेर त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. क्लब येईपर्यंत त्या ताठ बसून होत्या. तेवढ्या वेळात त्यांच्याइतकं खूश माणूस अख्ख्या बडोद्यात नसेल.

उतरले तेव्हा टांग्याच्या हादऱ्यांनी माझा काष्टा सरकला होता. आत्याबाईंनी पाहिलं, आणि त्या खडीवर गुडघे टेकून बसल्या. दोन्ही हातांनी काठ धरून सरळ करू लागल्या. मी म्हणाले, "अहो, तुमचा हात..." "लागू दे," त्या म्हणाल्या. काठ असा बसला की मला स्वतःला तो कधीच तसा जमला नाही.

दारात क्लबाच्या चिटणीसबाई उभ्या होत्या, गुलाबदाणी घेऊन. माझ्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, तोंडभर हसल्या. मग त्यांची नजर आलवणावर गेली आणि हसू जागच्या जागी राहिलं.

"आत्याबाईंना इथं व्हरांड्यातच बरं पडेल, नाही का? आत फार गर्दी आहे हो."

आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मला दिसत होत्या. महिन्यापूर्वी याच बाईंनी याच दिवाणखान्यात 'विधवांची उन्नती' या विषयावर पाऊण तास भाषण ठोकलं होतं आणि मध्येच हुंदकाही दिला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. विधवेला पुन्हा लग्न करायला महाराजांनी कायदा करून दिला होता, त्यालाही जमाना लोटला. पण हळदीकुंकवाच्या खोलीत खुर्ची द्यायचा कायदा काही निघाला नव्हता. वर चिटणीसबाईंनी गादीची खुर्ची मागवली, व्हरांड्यात ठेवली, आणि "वाराही छान आहे इथं," असं म्हणाल्या.

आत्याबाई बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा तू. इथून ऐकू येतं." खिडकी त्यांच्या डोक्याशीच होती, उघडी.

मी भांडायला हवं होतं. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणत. त्या दिवशी नेमकं कुठून आलं कोण जाणे. मी निऱ्या उचलल्या आणि आत गेले.

आत काय सोंगं जमली होती! एकीनं नऊवारीखाली टाचेचे बूट तसेच ठेवले होते. एकीचं नाकच टोचलेलं नव्हतं, तिनं नथ दोऱ्यानं कानाला बांधली होती आणि दर दोन मिनिटांनी शिंकत होती. एकीचा काष्टा अकरा पिनांवर उभा होता आणि तिला बसता येत नव्हतं. दर एकीला छातीवर नंबराचा कागद. अस्सल जुना वेष बाहेर व्हरांड्यात बसला होता, त्याला नंबर नव्हता.

माझी पाळी आली. मी चालत गेले, वळले, आणि मागून एक 'अहाहा' उठला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. एवढ्या दिवसांच्या पेशविणीला आज दरबार भरला होता. अध्यक्षीणबाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला.

"शालू कुणाचा हो हा?" त्यांनी विचारलं. खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

समोर हळदीकुंकवाचं तबक होतं. बाई अजून माझ्या पदराला हात लावून उभ्या होत्या. नाव घेतलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, त्या कोण? आणि मला सांगावं लागलं असतं, त्या बाहेर बसल्यात ना, त्या. मग हाच हात विस्तवावरून उचलावा तसा पदरावरून उचलला गेला असता. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. त्या बायकांची मला तेव्हा मनापासून किळस आली. आणि त्यांची शाबासकी तरीही हवीच होती.

"आमच्या सासरचा जुनाच आहे," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मला मिळालं, चांदीचा कुंकवाचा करंडा. तीळगूळ वाटला. चिटणीसबाईंनी व्हरांड्यातसुद्धा एक लाडू पाठवला, कागदात बांधून.

परतताना त्याच टांग्यात मीच विषय काढला. मी म्हणाले, "तिथं बसून नीट ऐकू आलं नसेल तुम्हाला."

"आलं की," त्या म्हणाल्या.

टांगेवाल्यानं बक्षीस मिळालं का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. तो मागं वळून त्यांना म्हणाला, "जोयुं, माजी? तमारा साडलाने इनाम मळ्युं!" त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर शालूची घडी करून मी त्यांच्या पेटीशी ठेवायला गेले. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं नाही. "तुझ्याच कपाटात ठेव," म्हणाल्या. "सासरचा जुना आहे ना." आवाज चढवला नाही, टोमणा मारल्यासारखाही नाही.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. जिथं घ्यायचं होतं तिथं घेतलं नाही; आता त्या नाहीत, आणि कागदावर उतरवून मी कुणावर उपकार करणार? इतकी वर्षं मी त्या क्लबातल्या बायकांना नावं ठेवत आले. नथवालीची गोष्ट सांगून लोकांना पोट धरधरून हसवलं आहे. माझ्या उत्तराची गोष्ट आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्या बायका निदान अजाण होत्या. मला नाव ठाऊक होतं.

त्यानंतरच्या सोमवारी शाळेला निघताना मी नेहमीसारखं इरकली नेसून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पंखा त्यांच्या शेजारीच पडला होता, पण त्यांच्या हातात सूप होतं. काष्टा डावीकडे पुरता सरकलाय, हे मला न बघताच कळत होतं. मुद्दाम नीट केला नव्हता. वाटलं, बघतील, चिडतील, शेपूट म्हणतील, आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल.

"आत्याबाई, काष्टा बघता?" मी पाठ वळवून उभी राहिले.

त्यांनी बघितला. बराच वेळ. सुपातले गहू थांबलेले मला ऐकू आले.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि मला तशीच जाऊ दिलं.